मेफ्लॉवरच्या काळातला पूर्वज शोधायचाय? मग आधी आजीच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करा

नातीच्या शाळेत वंशवृक्ष काढायचा प्रोजेक्ट आला, तेव्हा आमची बाजू एका संध्याकाळी झाली, कारण आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, पान उघडलं, नावं उतरवली, संपलं. जावई मात्र न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येचा, मॅसॅच्युसेट्सच्या बाजूचा. विहीणबाईंनी कपाटातून एक चौकट आणून दाखवली, त्यात हाताने काढलेलं झाड, आणि बुंध्याशी नाव जॉन हाउलंड, १६२०, मेफ्लॉवर जहाज. मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून लोकांना घेऊन आलेलं जहाज, त्यांनी न्यू इंग्लंडमध्ये प्लिमथ ही वसाहत वसवली. मधल्या नावांना एकही तारीख नाही, कुठल्या गावचे ते नाही, कोणी काढलं ते पण माहीत नाही. मी सहज म्हटलं की बघू या खरं आहे का, आणि त्या 'बघू या'ला आता तीन वर्षं झाली.

परदेशात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांच्या घरात अशी सून किंवा जावई आहे, आणि नातवंडांना दोन्हीकडचं माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. उदाहरण न्यू इंग्लंडचंच घेते, कारण तिथल्या नोंदी मी स्वतः चाळल्यात, आणि हाउलंडचीच गोष्ट मधूनमधून सांगत जाते कारण या कामातले जवळजवळ सगळे खड्डे त्या एका माणसाच्या गोष्टीत आहेत.

पायरी १: जहाज विसरा, घरापासून मागे या

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रसिद्ध माणसापासून खाली उतरत येणं. जॉन हाउलंड आणि त्याची बायको एलिझाबेथ यांना १० मुलं होती आणि ती दहाही मोठी होऊन संसाराला लागली, त्यामुळे वंशज लाखोंनी आहेत, फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष त्यांचेच. अशा झाडावरून खाली यायला लागलात तर हव्या त्या आडनावापर्यंत पोचाल, कारण फांद्या सगळीकडे गेल्यात. म्हणून स्वतःपासून, म्हणजे इथे जावयापासून, एकेक पिढी मागे जायचं आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: हा या आईबापांचा मुलगा, हे सांगणारा कागद कुठला? नाव आणि तारीख मिळणं वेगळं आणि नातं सांगणारा कागद मिळणं वेगळं. आपल्याकडे जमिनीच्या केसमध्ये वारस लावताना जसा प्रत्येक वारसाचा पुरावा मागतात तसंच हे, फक्त बारा-तेरा वेळा.

आधी घरातली म्हातारी माणसं. त्यांना फोनवर विचारू नका, समोर बसा, जुने फोटो पुढ्यात ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा (विचारून). फोटोची मागची बाजू बघा. घरातलं जुनं बायबल मागा, कारण त्यांच्याकडे जन्म, लग्न, मृत्यू बायबलच्या मधल्या कोऱ्या पानांवर लिहायची पद्धत होती. आणि ते बायबल छापलं कधी ते पहिल्या पानावर बघा, १८५० सालच्या बायबलमध्ये १७६० चा जन्म लिहिलेला असेल तर तो आठवणीतून लिहिलाय, त्या दिवशी नाही. शाई आणि अक्षर सगळीकडे एकसारखं असेल तर एकाच बैठकीत सगळं लिहिलंय असं समजा.

पायरी २: १८५० पर्यंतचा सोपा रस्ता

इथे फार वेळ जात नाही. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी सेन्सस होतो आणि ७२ वर्षांनी तो खुला होतो, म्हणजे १९५० चा २०२२ मध्ये आला. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं काय ते लिहिलेलं असतं. १८५० ते १८७० मध्ये घरातल्या सगळ्यांची नावं आहेत पण नातं नाही, त्यामुळे घरातलं मूल पुतण्या पण असू शकतो, बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा पण असू शकतो. १८९० चा जवळजवळ सगळा सेन्सस आगीमुळे गेला, तो शोधत बसू नका. फॅमिलीसर्च या साइटवर हे सगळं फुकट बघता येतं, फक्त खातं उघडावं लागतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्यभर जन्म-मृत्यू-लग्नाची नोंद ठेवायला लागले आणि मृत्यूच्या नोंदीत बऱ्याचदा आईबापांची नावं असतात. पण ती सांगणारा जावई नाहीतर शेजारी असतो, मेलेला माणूस स्वतः नाही, हे लक्षात ठेवा. जन्माच्या नोंदीतलं आईचं नाव जास्त भरवशाचं.

पायरी ३: जिथे बहुतेक जण अडकतात ती सत्तर वर्षं

१७८० ते १८५० हा पट्टा सगळ्यात त्रासाचा. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर न्यू इंग्लंडची तरुण पोरं चांगल्या जमिनीसाठी व्हरमाँट, न्यूयॉर्क, ओहायोकडे निघाली, आणि नव्या गावात नोंदवही ठेवणारं कोणी नाही. १८४० पर्यंतच्या सेन्ससमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे, अमुक वयाचे पुरुष इतके, बायका इतक्या. माझे चार महिने इथेच वाया गेले. एका गावात बरोब्बर आमच्या माणसाचं नाव, वय जुळतंय, मी आनंदाने त्याच्या मागे लागले, त्याचे आईबाप काढले, आजोबा काढले, आणि मग त्याच गावच्या मृत्यूच्या नोंदीत तो वयाच्या अकराव्या वर्षीच वारलेला सापडला. ज्याला मी शोधत होते तो शेजारच्या गावातला त्याचा चुलतभाऊ. तेव्हापासून माझा नियम आहे की नाव सापडलं की आधी त्याला मारून बघायचं, म्हणजे हा लहानपणीच गेला नाही ना, याचं लग्न दुसरीकडे झालं नाही ना, हा मूळ गावातच म्हातारा होऊन मेला नाही ना, हे तपासून मगच पुढे जायचं.

या पट्ट्यात तीन गोष्टी उपयोगी पडतात. एक, स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनच्या फाइली. १८३२ च्या कायद्याने बऱ्याच म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन मिळाली आणि त्यासाठी त्यांना कोर्टात उभं राहून सांगावं लागलं की जन्म कुठे, भरती कुठून, नंतर कुठेकुठे राहिलो. विधवांना लग्नाचा पुरावा द्यावा लागे, तेव्हा काहींनी घरच्या बायबलची पानं फाडून जोडली, ती पानं अजून त्या फाइलींत आहेत. दोन, चर्चची बदली-पत्रं, एका गावच्या चर्चमधून दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये सभासद पाठवताना लिहिलेली. तीन, आणि ही मला फार आवडते, गावाने काढलेल्या हुसकावणीच्या नोटिसा. नवीन कुटुंब गावात आलं की उद्या गरीब झाले तर आपल्या गावाच्या खर्चाने पोसावं लागेल म्हणून अठराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सची गावं त्यांना लेखी 'इथून जा' म्हणायची. बरेच जण न जाता तिथेच राहिले. पण त्या नोटिशीत बायकोमुलांची नावं आणि कुठून आले ते लिहिलेलं असतं, म्हणजे ज्या गरीब माणसाचा दुसरा काही कागद नाही त्याचा तेवढा हा एक असतो.

पायरी ४: मृत्युपत्र आणि खरेदीखत

जन्मनोंद मिळाली नाही म्हणून लोक थांबतात. थांबू नका. सतराव्या-अठराव्या शतकात नातं सिद्ध करायला सगळ्यात भक्कम कागद मृत्युपत्र. हाउलंडची बायको एलिझाबेथ १६८७ च्या डिसेंबरमध्ये स्वान्सी गावी मुलीकडे वारली, तिने वर्षभर आधी मृत्युपत्र केलं होतं. त्यात ती माझी मुलगी लिडिया ब्राउन, माझी मुलगी एलिझाबेथ डिकन्सन, माझी मुलगी हॅना बॉसवर्थ असं लिहिते, म्हणजे मुलींची सासरची आडनावं आईच्याच तोंडून. बायकांचं माहेर शोधणं हे या कामातलं सगळ्यात अवघड, कारण लग्न झालं की आडनाव जातं आणि लग्नाची नोंद नसेल तर ती बाई कागदावर नुसती मेरी, अमक्याची बायको. अशा वेळी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं वाचायची, कोणीतरी 'माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको' म्हणून एक पितळी भांडं आणि एक गादी ठेवलेली असते. नसेल तर आजोबा-आजीची मृत्युपत्रं. तेही नसेल तर जमिनीची खतं, कारण बापाची जमीन सगळी भावंडं मिळून विकतात तेव्हा मुली आणि जावई दोघं सही किंवा अंगठ्यासारखी खूण करतात.

खतं आणि प्रोबेट (मृत्युपत्र आणि वारसाची कोर्टातली कागदपत्रं) दोन्ही काउंटीप्रमाणे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, ठेवलेली असतात आणि काउंटीच्या हद्दी बदलत गेल्यात. प्लिमथ ही वेगळी वसाहत होती, ती १६९१ च्या सनदेने मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाली. प्लिमथ, बार्नस्टेबल आणि ब्रिस्टल या काउंट्या १६८५ च्या. त्याच्या आधीचं सगळं प्लिमथ वसाहतीच्या दप्तरात. म्हणजे गाव तेच, पण १६८० चं खत एका जागी आणि १६९० चं दुसऱ्या जागी. आधी त्या वर्षी ते गाव कुणाच्या हद्दीत होतं ते बघायचं, मग शोधायचं.

१८५० पर्यंतच्या गावोगावच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी छापलेल्या पुस्तकांतही मिळतात, आडनावानुसार लावलेल्या. वापरायला सोप्या, पण लग्नाच्या यादीत बऱ्याच ठिकाणी नुसती लग्नाचा इरादा जाहीर केल्याची नोंद असते, प्रत्यक्ष लग्न वेगळं. आणि एक मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती, त्यामुळे जॉन दोनदा दिसला तर घाबरू नका, पहिला बहुधा गेला.

पायरी ५: तारखा आणि शब्द, इथे थांबून नीट वाचा

इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ च्या आधी कायद्याचं नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आपल्याला हे समजायला काहीच अवघड नाही, आपलं शके पण चैत्रात बदलतं, जानेवारीत आपण अजून जुन्याच शकात असतो. तसंच त्यांचं: डिसेंबर १६७२ नंतर जानेवारी १६७२, फेब्रुवारी १६७२, आणि मार्चच्या २५ ला १६७३. म्हणून जॉन हाउलंडच्या मृत्यूची तारीख २३ फेब्रुवारी १६७२/३ अशी लिहितात, जुन्या हिशोबाने ७२, आजच्या हिशोबाने ७३. हे माहीत नसलं की मृत्युपत्र केलं मे १६७२ मध्ये आणि माणूस मेला त्याआधीच फेब्रुवारी १६७२ मध्ये, असला घोळ होतो आणि लोक मग दोन जॉन हाउलंड आहेत असं ठरवून टाकतात. शिवाय प्युरिटन लोक, म्हणजे न्यू इंग्लंड वसवणारे कडवे प्रोटेस्टंट, महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहायचे आणि त्यांचा पहिला महिना मार्च. '५ तारीख, १० वा महिना' म्हणजे डिसेंबर. तुम्ही ऑक्टोबर लिहाल आणि चुकाल. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. माझा सल्ला असा की कागदावर जशी तारीख आहे तशी उतरवा आणि आजच्या हिशोबाची शेजारी वेगळ्या शाईने लिहा, मूळ कधीच बदलू नका.

शब्दांचे अर्थ पण बदललेत. तेव्हा सीनियर आणि ज्युनियर म्हणजे बाप-मुलगाच असं नाही, एका गावात एकाच नावाचे दोघं असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर, ते काका-पुतणे असतील किंवा एकमेकांचे कोणीच नसतील. थोरला मेला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो, म्हणजे एकच माणूस दोन बिरुदांनी सापडतो. आजचा 'मदर-इन-लॉ' शब्द तेव्हा सावत्र आईलाही वापरायचे. 'कझन' म्हणजे भाचा, पुतण्या, नातू काहीही. आणि 'ब्रदर' म्हणजे सख्खा भाऊ, मेहुणा, नाहीतर एका चर्चचा सभासद. 'मिस्टर' सगळ्यांना नव्हतं, ज्याला होतं त्याला गावात मान होता, बाकीचे गुडमन आणि गुडवाइफ.

अक्षराचं म्हणाल तर ते आपल्या मोडीसारखंच. त्या काळच्या इंग्रजी वळणाला सेक्रेटरी हँड म्हणतात, त्यात ई उलटा दिसतो, सी आणि आर ओळखू येत नाहीत, एस लांब एफसारखा. मोडी शिकलेला माणूस जसं आधी ओळखीची वाक्यं शोधतो तसं इथे करा: मृत्युपत्राची सुरुवात ठरलेली असते, देवाच्या नावाने, अमुक गावचा मी, शरीराने आजारी पण बुद्धीने शाबूत. त्या ठरलेल्या ओळींवरून त्या कारकुनाची अक्षरं कागदावर मांडून घ्या, मग नावं वाचा. दोन-तीन आठवड्यांत डोळा बसतो.

पायरी ६: दुसऱ्यांनी केलेलं काम, आणि कुठलं वापरायचं

बॉस्टनला १८४५ साली स्थापन झालेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी आहे, अमेरिकन अँसेस्टर्स ही साइट त्यांचीच. त्यांचा ग्रेट मायग्रेशन हा अभ्यास १९८८ पासून रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी चालवला, १६२० ते १६४० मध्ये न्यू इंग्लंडला आलेल्या साधारण २०,००० लोकांचा एकेक करून धांडोळा. बऱ्याच जणांच्या नावाखाली कुठून आला, कधी, कुठल्या गावात, कामधंदा, शिक्षण, जमीन, मुलं, आणि आधी कोणी काय चुकीचं लिहिलंय ते पण. त्या काळातलं काहीही सापडलं की आधी इथे बघायचं, मग बाकी. मेफ्लॉवरवाल्यांसाठी १८९७ साली स्थापन झालेली मेफ्लॉवर वंशजांची सोसायटी आहे, त्यांनी पहिल्या पाच पिढ्यांची पुस्तकं काढलीत, चंदेरी कव्हरची, सगळे त्यांना सिल्व्हर बुक्सच म्हणतात. याचा फायदा असा की तुम्हाला १६२० पर्यंत एकट्याने जायचं नाहीये, अठराव्या शतकातल्या पाचव्या पिढीपर्यंत पुराव्यासकट पोचलात की पुढचं काम झालेलं आहे.

ऑनलाइन झाडांबद्दल स्पष्ट सांगते. ती पत्ता विचारायला चांगली, पुरावा म्हणून नाहीत. पन्नास झाडांवर एकच गोष्ट आहे याचा अर्थ एकाने लिहिलं आणि एकोणपन्नास जणांनी उतरवलं. थडग्यांच्या साइटवर दगडाचा फोटो बघा, खालचा मजकूर सोडून द्या.

आणि दगडसुद्धा खोटा असू शकतो! हाउलंड हा जॉन कार्व्हरचा नोकर म्हणून जहाजावर आला, कार्व्हर प्लिमथचा पहिला गव्हर्नर. वाटेत वादळात हाउलंड समुद्रात पडला आणि लोंबणाऱ्या दोराला धरून वाचला, हे खरं आहे, त्याच जहाजावरच्या आणि पुढे प्लिमथचा गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने लिहून ठेवलंय. पण घराण्यात पिढ्यानपिढ्या सांगत आले की त्याने कार्व्हरच्याच मुलीशी लग्न केलं, आणि एकोणिसाव्या शतकात वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवर दगड उभारला त्यावरही तसंच कोरलं. ब्रॅडफर्डचं हस्तलिखित तेव्हा हरवलेलं होतं. ते १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं, १८५६ मध्ये छापलं, आणि त्यात १६५० च्या सुमाराला ब्रॅडफर्डने मेफ्लॉवरवरच्या प्रत्येकाचं पुढे काय झालं याची यादी दिली होती: हाउलंडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं, दोघं हयात, १० मुलं. दोनशे वर्षांची घरची गोष्ट एका ओळीने गेली. मला स्वतःला खरी एलिझाबेथ जास्त जवळची वाटते. आई, बाप, काका, काकू सगळे पहिल्याच हिवाळ्यात गेले, पोर तेरा वर्षांची, आणि तिनेच हा एवढा वंश वाढवला.

पायरी ७: समुद्र ओलांडणं

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त खोटी झाडं इथेच लागतात. इंग्लंडमध्ये जॉन स्मिथ जन्मला, मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन स्मिथ सापडला, वय जुळलं, झालं, असं करायचं नाही. बहुतेकांच्या जहाजाची यादीच नाही. १६३५ ची लंडन बंदराची यादी चांगली आहे, कारण जाणाऱ्यांना पाद्री आणि न्यायाधीशाचं पत्र आणून राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, पण कित्येक जण नाव न देता निसटले, आणि लिहिलेल्या वयावर फार विसंबू नका.

चांगला मार्ग म्हणजे शेजारी. ही माणसं एकटी क्वचित आली, पाद्र्याच्या मागे गावंच्या गावं आली. नॉरफोकमधल्या हिंगमचे लोक पीटर होबार्टबरोबर येऊन १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्सचं हिंगम झालं, अब्राहम लिंकनचा पूर्वज सॅम्युअल लिंकन त्याच हिंगमहून १६३७ ला आला. यॉर्कशरच्या रोलीचा पाद्री इझिकिएल रॉजर्स, त्याच्या लोकांनी वसवलं ते पण रोली. म्हणून तुमच्या माणसाचं मूळ गाव सापडत नसेल तर त्याच्या मृत्युपत्राचे साक्षीदार, शेजारच्या जमिनीचे मालक, मुलीचे सासरे, यांचं मूळ गाव काढा आणि त्या गावची रजिस्टरं उघडा. कोकणातल्या एका वाडीतले सगळे गिरगावात एकाच चाळीत यायचे, तोच प्रकार.

इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चची रजिस्टरं १५३८ च्या हुकमाने सुरू झाली. १५९८ मध्ये ती चामड्याच्या कागदावर उतरवायला सांगितलं आणि दरवर्षी बिशपकडे एक प्रत पाठवायची, त्यामुळे मूळ रजिस्टर उंदरांनी खाल्लं असलं तरी बिशपची प्रत मिळू शकते. एलिझाबेथ टिलीचा बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७ ला बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावात झाला. तिची आई जोन हर्स्ट, तिचं पहिलं लग्न थॉमस रॉजर्सशी झालेलं, तो वारल्यावर १५९६ मध्ये जॉन टिलीशी. आता गंमत बघा, मेफ्लॉवरवर पण एक थॉमस रॉजर्स होता! तो नॉर्थॅम्प्टनशरचा, पूर्ण वेगळा माणूस. नावं जुळली म्हणून कोणी जोडलं असतं तर मेलेला नवरा जहाजावर चढला असता.

जॉन हाउलंडचं मूळ मात्र मृत्युपत्राने पक्कं झालं. लंडनचा एक कापडव्यापारी हम्फ्री हाउलंड, त्याचं मृत्युपत्र १६४६ मध्ये दाखल झालं, त्यात त्याने आपले भाऊ आर्थर, जॉन आणि हेन्री यांना पैसे ठेवलेत, आणि हेच तिघं भाऊ प्लिमथ वसाहतीत दिसतात. घर हंटिंग्डनशरच्या फेनस्टँटनचं. समुद्रापलीकडे राहिलेल्या भावाचा, आत्याचा, सासऱ्याचा कागद, हा शोधायचा. म्हणजे तुमच्या माणसाच्या आडनावाची इंग्लंडमधली सगळी मृत्युपत्रं, आणि त्यात 'न्यू इंग्लंडमध्ये असलेला माझा मुलगा' असली ओळ. जॉन हार्वर्ड, ज्याच्या नावाचं विद्यापीठ आहे, त्याचे आईबाप कोण हे अडीचशे वर्षं माहीत नव्हतं, १८८५ मध्ये हेन्री वॉटर्स या संशोधकाने लंडनमध्ये बसून मृत्युपत्रं वाचत काढलं.

१८५८ च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टांत जायची. सगळ्यात वरचं कँटरबरीचं, ते दप्तर लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहे आणि त्यांच्या साइटवर नावाने शोधता येतं. परदेशात वारलेल्या पण इंग्लंडमध्ये मालमत्ता असलेल्या लोकांचीही तिथेच, त्यामुळे सुरत-मुंबईला वारलेले कंपनीचे इंग्रज शोधणाऱ्यांनाही हेच दप्तर लागतं. छोट्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र तिथे नसेल, ते त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये.

बाप्तिस्मा सापडला तरी त्या मुलाचं दफन त्याच रजिस्टरमध्ये नाही ना, ते पुढची तीस वर्षं पानं उलटून बघा. आणि स्टीव्हन हॉपकिन्सचं लक्षात ठेवा. मेफ्लॉवरचाच प्रवासी, तो ग्लॉस्टरशरच्या वॉटन-अंडर-एजचा आणि बायको कॉन्स्टन्स डडली असं वर्षानुवर्षं छापत आले. १९९८ मध्ये केलेब जॉन्सन या संशोधकाने हॅम्पशरच्या हर्स्ली गावात त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे शोधून काढले, काउंटी वेगळी निघाली आणि बायको निघाली मेरी.

व्हर्जिनियाकडे जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे १६२४-२५ ची शिरगणती आहे, त्यात बऱ्याच जणांचं वय आणि जहाज दिलंय. शिवाय तिथे माणशी ५० एकर जमीन मिळायची, माणूस आणणाऱ्याला, पण हे हक्क विकले जायचे आणि वर्षानुवर्षांनी वापरले जायचे, म्हणून जमीन दिल्याच्या कागदावरची तारीख म्हणजे येण्याची तारीख नाही. खूप काउंट्यांची दप्तरं जळलीत, तिथे संयम जास्त लागतो.

पायरी ८: विकत घेतलेली झाडं, ढाली आणि डीएनए

शंभर वर्षांपूर्वी श्रीमंत अमेरिकन लोकांना राजघराण्याशी जोडून देणारे लोक होते. गुस्ताव्ह अँजू हा त्यातला कुप्रसिद्ध, त्याने खोटी मृत्युपत्रं आणि खोट्या रजिस्टर-नोंदी रचून डझनावारी घराण्यांच्या वंशावळी विकल्या, त्या अजून लायब्ररीत आहेत आणि लोक अजून उतरवतात. जुन्या छापील पुस्तकात समुद्राच्या पलीकडे एकदम सरदार आणि उमराव लागले, तर ते मृत्युपत्र क्यूला खरंच आहे का ते स्वतः बघा. आडनावाची म्हणून विकतात ती ढाल (घराण्याचं मानचिन्ह, 'कोट ऑफ आर्म्स') घेऊ नका, ती आडनावाला नसते, एका माणसाला आणि त्याच्या वंशाला दिलेली असते. 'तीन भाऊ आले आणि तीन दिशांना गेले' हे तर जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. वसाहतीत आलेले हाउलंड भाऊ खरोखर तिघं होते, पण तेही एका जहाजातून नाही आले.

डीएनए टेस्टबद्दल सगळे विचारतात. नेहमीची टेस्ट चार-पाच पिढ्यांपर्यंत छान. बारा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या झाडावर पूर्वजांच्या ४,०९६ जागा असतात, त्यातल्या बहुतेकांचा एक तुकडाही तुमच्यात उरलेला नसतो. वाय डीएनए मात्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ तसाच जातो, म्हणून सरळ पुरुषवंश असेल तर दोन सिद्ध वंशजांची टेस्ट जुळते का ते बघता येतं. आमच्या बाबतीत मध्ये तीन बायका आहेत, म्हणून त्याचा उपयोग नव्हता.

पायरी ९: लिहून ठेवण्याची पद्धत

प्रत्येक कडीसाठी एक फोल्डर. त्यात कागदाचा फोटो, तो कुठल्या दप्तरात कुठल्या पानावर आहे, आणि तुमच्या शब्दांत चार ओळी की यावरून मी हे नातं का मानतेय. जिथे शोधून काही मिळालं नाही ते पण लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तेच रजिस्टर परत उघडाल. झाडावर सिद्ध झालेली नावं शाईने, बाकीची पेन्सिलने.

आमच्या झाडावर आता एकच नाव पेन्सिलने आहे, १७९० च्या आसपास लग्न झालेली एक मेरी, माहेर माहीत नाही. तिच्या नवऱ्याने ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं आडनाव तिच्या दुसऱ्या मुलाला मधलं नाव म्हणून दिलंय, आणि तेव्हा मधलं नाव बऱ्याचदा आईच्या माहेरचं असायचं. त्या काउंटीची खतं १८२० पर्यंत वाचून झालीत. विहीणबाई पुढच्या आठवड्यात येतायत, त्यांनी वाचायला चष्मा बदलून घेतलाय, १८२१ पासून पुढचं आम्ही दोघी मिळून वाचणार आहोत.